बंद पडलेला डेस्कटॉप: दुरुस्ती, अपग्रेड की नवा संच? (आय५-४५७०, एच८१) (मंचावरची चर्चा; प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

कळफलक

घरचा असेंबल्ड डेस्कटॉप बंद पडला आहे. बटण दाबलं की प्रोसेसरचा पंखा जेमतेम अर्धा फेरा फिरतो आणि थांबतो. पुन्हा बटण दाबलं तर काहीच होत नाही. भिंतीवरचा स्विच बंद करून थोडं थांबलं आणि परत लावला, तर पुन्हा तोच अर्धा फेरा. मदरबोर्डवरचा हिरवा दिवा मात्र कायम लागलेला असतो. बीप नाही, डिस्प्ले नाही.

संच असा आहे: इंटेल कोअर आय५-४५७०, एच८१ चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड, ४ जीबीच्या दोन डीडीआर३ रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, ४५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज १० होतं.

वापर म्हणजे मोठ्या एक्सेल फायली, ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस टॅब आणि फोटोंची निवडानिवड. गेम नाहीत. पॉवर केबल बदलून झाली, रॅम एकेक करून दोन्ही स्लॉटमध्ये लावून पाहिल्या, सीआर२०३२ बॅटरी नवीन घातली. फरक नाही. मल्टीमीटर आहे आणि वापरता येतो.

दुरुस्त करून एसएसडी टाकावी, की मदरबोर्ड-प्रोसेसर-रॅम बदलून कॅबिनेट आणि एसएमपीएस तेच ठेवावेत, की सगळंच नवं घ्यावं? कशाच्या आधारावर ठरवायचं?

स्टँडबाय

कुठला भाग गेलाय हे कळल्याशिवाय ठरवू नका. तुमच्या लक्षणांतच बरीच माहिती आहे.

हिरवा दिवा लागतो म्हणजे ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन (संच बंद असतानाही चालू राहणारा पुरवठा) जिवंत आहे. पंखा हलतो म्हणजे बटणाचा इशारा पोचतोय आणि एसएमपीएस सुरू व्हायचा प्रयत्न करतोय. नंतर भिंतीवरचा स्विच बंद केल्याशिवाय तो दाद देत नाही, ही खूण सर्वांत महत्त्वाची. एसएमपीएसला कुठेतरी शॉर्ट किंवा जास्त करंट दिसला की तो स्वतःला बंद करून कुलूप लावून बसतो. मुख्य वीज तोडली की ते कुलूप उघडतं. म्हणजे एक तर एसएमपीएस स्वतः बिघडलाय, नाहीतर तो चांगला आहे आणि पुढचा शॉर्ट बरोबर पकडतोय. या दोन शक्यता वेगळ्या केल्या की अर्धं काम झालं.

सगळ्यात स्वस्त कारणं आधी बाद करा. कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. आतली पट्टी तुटून पिना एकमेकींना चिकटल्या असतील तर ५ व्होल्ट थेट ग्राउंडला जातो आणि नेमकं असंच दिसतं. पुढच्या पॅनलच्या यूएसबी आणि ऑडिओच्या वायरी बोर्डवरून काढा. हार्ड डिस्क आणि डीव्हीडीची पॉवरही काढा. मग बोर्ड कॅबिनेटबाहेर घेऊन पुठ्ठ्यावर ठेवा. बोर्डाखाली पडलेला एखादा स्क्रू किंवा चुकीच्या जागी लावलेला पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा छोटा खांब) घोटाळा करत असेल तर तो इथेच कळेल. फक्त प्रोसेसर, कूलर आणि एक रॅम ठेवा. पॉवर बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर लावा. तरीही तेच झालं तर पुढे चला.

एसएमपीएस बोर्डापासून पूर्ण सोडवा. २४ पिनी कनेक्टरवरची हिरवी वायर आणि तिच्या शेजारची काळी, या दोन्हींच्या खाचांत वाकवलेली तार घाला, हे सगळं भिंतीवरचा स्विच बंद असताना. सगळ्या वायरी काळ्या असतील तर क्लिप असलेल्या रांगेत एक खाच सहसा रिकामी असते. रांगेच्या लांब बाजूकडे मोजत गेलं की तिच्यापासून चौथी ती हिरवीची जागा. भार म्हणून कॅबिनेटचा पंखा किंवा एखादी निकामी हार्ड डिस्क जोडा, कारण काही एसएमपीएस पूर्ण रिकामे चालतच नाहीत. मग स्विच लावा आणि मोजा:

पिवळी: ११.४ ते १२.६ व्होल्ट
लाल: ४.७५ ते ५.२५
नारिंगी: ३.१४ ते ३.४६
जांभळी (स्टँडबाय): ४.७५ ते ५.२५
राखाडी: सुरू झाल्यावर सेकंदाच्या आत ५ च्या आसपास

राखाडी वायर म्हणजे 'सगळं ठीक आहे' हा इशारा. तो आला नाही तर बाकी आकडे कितीही चांगले असोत, बोर्ड प्रोसेसरला रिसेटमधून बाहेर काढत नाही. आकडे बरोबर आले म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही हेही लक्षात ठेवा. भार पडल्यावर काय होतं आणि १२ व्होल्टवर किती रिपल (व्होल्टेजची झपाट्याची चढउतार) आहे ते साध्या मल्टीमीटरला दिसत नाही. पण हा एसएमपीएस एकटा नीट चालू राहिला तर संशय पलीकडे सरकतो.

त्यानंतरची परीक्षा: २४ पिनी कनेक्टर बोर्डला लावा, प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनी १२ व्होल्टचा कनेक्टर लावू नका, आणि सुरू करा. पंखा फिरत राहिला (डिस्प्ले येणारच नाही) आणि तो कनेक्टर लावल्यावर पुन्हा ट्रिप झाला, तर शॉर्ट प्रोसेसरच्या पॉवर सेक्शनमध्ये आहे. मग सगळं बंद करून बोर्डावरच्या त्या सॉकेटमध्ये १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यातला रोध मोजा, एकदा प्रोसेसर असताना, एकदा काढून. प्रोब एकमेकांना लावून त्यांचा स्वतःचा रोध आधी बघा आणि तो वजा करा.

एसएमपीएस मात्र उघडू नका. २३० व्होल्टच्या लाइनवर आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असतो, अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असेल तर ३८० च्या वर, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो.

फाइलआधी

निदान चालू असताना हार्ड डिस्क बाजूलाच ठेवा. शॉर्टच्या शोधात सारखं ऑन-ऑफ करताना ती जोडलेली असण्याचं काही कारण नाही. दुसऱ्या संगणकावर यूएसबी-साटा अडॅप्टरने (साटा म्हणजे डिस्कचा कनेक्टर) वाचता येईल, पण साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, त्यामुळे स्वतःचा पॉवर अडॅप्टर असलेलाच घ्या. नुसत्या यूएसबीवर अडीच इंचीच चालतात.

वाचली की लगेच कॉपी सुरू करू नका, आधी स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघा. क्रमांक ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आलेले आणि रांगेत थांबलेले, सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. सी५ शून्य नसेल तर एक्सप्लोररने ओढून कॉपी करण्याऐवजी डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने आधी सगळ्या डिस्कची प्रतिमा घ्या. ते सोपे भाग आधी उचलतं आणि खराब जागांवर शेवटी येतं. सी७ वाढलेला असेल तर दोष बहुतेक वेळा डिस्कचा नसून साटा केबलचा असतो.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू होतं का तेही तपासा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. मदरबोर्ड बदलला की जुना टीपीएम (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) जातो, मग त्या रिकव्हरी कीशिवाय ती डिस्क उघडणारच नाही. ती की मायक्रोसॉफ्ट खात्यावर जतन झालेली असू शकते. आत्ताच शोधा.

सॉकेट११५०

निदान होईपर्यंत निर्णयाची बाजू मांडून ठेवतो. माझा निकष एकच: जो भाग पुढच्या संचात नेता येतो त्यावर खर्च करायला हरकत नाही, जो याच बोर्डाबरोबर संपतो त्यावर नको.

एसएमपीएस, साटा एसएसडी, कॅबिनेट, मॉनिटर पुढे जातात. डीडीआर३ रॅम, एलजीए११५० सॉकेटचा प्रोसेसर, एच८१ बोर्ड जात नाहीत. म्हणून फक्त एसएमपीएस गेला असेल तर चांगला नवा घ्या आणि साटा एसएसडी टाका. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आल्यावर या संचात जेवढा फरक जाणवेल तेवढा दुसऱ्या कशानेच जाणवणार नाही. उद्या संच बदललात तरी दोन्ही वस्तू कामाच्या. एनव्हीएमई (बोर्डावरच्या स्लॉटमध्ये थेट बसणारी जलद एसएसडी) मात्र इथे घेऊ नका. त्या काळच्या बहुतेक बोर्डांच्या बायोसला (संच सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमला) तिच्यावरून बूट करता येत नाही.

आय७-४७९० आणि १६ जीबी रॅम (एच८१ ची मर्यादा) टाकायचा मोह होतो. तो आवरा. आय७-४७९० ला जुन्या एच८१ वर आधी बायोस अपडेट लागतं, आणि खरी भिंत वेगळीच आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका आणि टीपीएम २.० लागतं. आय५-४५७० चौथ्या पिढीचा आहे. आडवाटेने ते बसवता येतं, पण पुढची मोठी आवृत्ती बसेल याची हमी नाही. लिनक्सवर हा संच अजून आरामात चालेल, पण मोठ्या एक्सेल फायली हा तुमचा मुख्य वापर असेल तर लिबरऑफिसमध्ये मॅक्रो आणि पिव्हट तपासल्याशिवाय त्या भरवशावर राहू नका.

कळफलक

सगळ्यांचे आभार. पुढचं यूएसबी काढलं, पुठ्ठ्यावर ठेवून पाहिलं, फरक नाही. मग सांगितल्याप्रमाणे मोजलं:

एसएमपीएस एकटा (हार्ड डिस्क भाराला): १२.११, ५.०४, ३.३३, स्टँडबाय ५.०७, राखाडी ४.९. बंद पडला नाही.
प्रोसेसरचा ४ पिनी काढून: पंखा फिरत राहतो. लावला की ट्रिप.
४ पिनी सॉकेटवर १२ व्होल्ट ते ग्राउंड: प्रोसेसर असताना ०.६ ओहम, काढल्यावर ६४० ओहम. प्रोबचा स्वतःचा ०.२.

प्रोसेसर काढल्यावर रोध वाढतो म्हणजे प्रोसेसरच शॉर्ट आहे का? डिस्क वाचली जाते, ०५, सी५, सी६ तिन्ही शून्य. बिटलॉकर नव्हतं.

स्टँडबाय

आकड्यांवरून तसं वाटतं खरं, पण दोष आधी बोर्डाचा आहे. नीट चाललेल्या बोर्डावर १२ व्होल्टची लाइन प्रोसेसरला थेट दिसतच नाही. मध्ये मॉस्फेटची (इलेक्ट्रॉनिक स्विचची) जोडी असते. वरचा मॉस्फेट १२ व्होल्ट तुकड्यातुकड्यांनी आत सोडतो, खालचा ग्राउंडला जोडतो, पुढे चोक (तारेचं वेटोळं) आणि कॅपॅसिटर मिळून तो सपाट करतात आणि या पिढीत साधारण १.८ व्होल्ट प्रोसेसरकडे जातो. वरचा मॉस्फेट धड असेल तर प्रोसेसर काढा किंवा ठेवा, १२ व्होल्टच्या सॉकेटवरचा रोध फारसा बदलायला नको. तुमच्याकडे तो ०.४ वरून सहाशेच्या पुढे गेला. म्हणजे १२ व्होल्ट सरळ प्रोसेसरपर्यंत पोचतोय. वरचा मॉस्फेट शॉर्ट आहे.

खात्रीसाठी प्रोसेसर काढलेला असताना १२ व्होल्टची पिन आणि प्रोसेसरभोवतीच्या कुठल्याही चोकचं टोक यांच्यात मोजा. शून्याच्या आसपास आलं की शिक्कामोर्तब. सगळ्याच चोकवर शून्य दिसेल, त्याने गोंधळू नका. त्यांची पलीकडची टोकं एकाच लाइनवर जुळलेली असतात. नेमकी कुठली फेज (मॉस्फेट-चोकची जोडणी) गेली ते शोधायला चोकचं एक टोक उचलावं लागतं.

०.४ ओहमवर १२ व्होल्ट म्हणजे ३० अँपिअर. तुमच्या एसएमपीएसने वेळीच हात आखडता घेतला, ते त्याचं काम त्याने चोख केलं.

आता दोन सूचना, दोन्ही कळकळीच्या. या बोर्डात दुसरा चांगला प्रोसेसर घालून 'बघू' असं करू नका, त्यालाही १२ व्होल्ट बसतील. आणि हा आय५ वाचला असेलच असं धरून काही खरेदी करू नका. प्रत्येक वेळी बटण दाबलं तेव्हा त्याला क्षणभर तो झटका बसलाय.

मॉस्फेट बदलता येतो. पण बोर्डाचे तांब्याचे थर उष्णता ओढून घेतात, त्यामुळे साध्या सोल्डरिंग आयर्नने निघत नाही, हॉट एअर आणि खालून प्रीहीट लागतं. मॉस्फेटबरोबर त्याचा ड्रायव्हर किंवा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (त्याला चालवणाऱ्या चिपा) गेला असेल तर नवा मॉस्फेट पहिल्याच ऑनला उडतो. एवढं करूनही प्रोसेसर मेलेला निघू शकतो. दुर्मिळ बोर्ड असता, एखाद्या यंत्राला जोडलेला असता, तर करा म्हटलं असतं. एच८१ साठी नाही.

जुनंतेसोनं

थोडा वेगळा विचार. दुसरा वापरलेला एच८१ बोर्ड मिळत असेल आणि लिनक्स चालणार असेल तर दार बंद करू नका, पण आय५ आधी दुसऱ्या चालू बोर्डावर तपासायला कुणी तयार आहे का ते बघा. नसेल तर बोर्ड प्रोसेसरसकट, डिस्प्ले दाखवून घ्या. सॉकेटच्या पिना टॉर्च तिरका धरून दोन दिशांनी बघा. सगळ्या एका रांगेत चमकल्या पाहिजेत, एखादी वेगळ्या कोनात चमकली तर ती वाकलेली आहे. दोन्ही रॅम स्लॉट वेगवेगळे चालवून घ्या. एक स्लॉट मेलेला असणं या वयाच्या बोर्डांत नेहमीचं आहे.

एक्सेल विंडोजवरच हवं असेल तर माझंही मत बदला असंच आहे. आठव्या पिढीचा, म्हणजे आय५-८५०० सारखा, कार्यालयातून बाहेर पडलेला ब्रँडेड डेस्कटॉप बघा. सहा कोर, टीपीएम २.०, विंडोज ११ अधिकृत. त्यातला धोका इतकाच की एसएमपीएस आणि बोर्डाचे कनेक्टर बहुधा त्या कंपनीचे खास असतात. एसएमपीएस गेला तर बाजारातला साधा एटीएक्स बसत नाही, आणि लहान चणीच्या मॉडेलात ग्राफिक्स कार्ड टाकायचं झालं तर कमी उंचीचं आणि स्लॉटच्या ७५ वॅटवरच भागणारं लागतं. तुम्हाला गेम नकोत, त्यामुळे हे चालेल. बायोसला पासवर्ड नाही ना, हे घेण्याआधी तपासा.

सॉकेट११५०

मोजमाप पाहिल्यावर माझ्या मते दुसरा पर्याय सरस, म्हणजे कॅबिनेट तेच, आतला गाभा नवा.

नव्याने घ्यायचं तर एच६१० बोर्डावर आय३-१२१०० (४ कोर, ८ थ्रेड) किंवा आय५-१२४०० (६ कोर, १२ थ्रेड). एएमडीत एएम४ बोर्डावर रायझन ५ ५६००जी. नावातलं अक्षर नीट वाचा: इंटेलमध्ये शेवटी 'एफ' असेल, किंवा रायझन ५ ५६०० ला 'जी' नसेल, तर आत ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड नसताना तो घेतलात तर पंखे फिरतील आणि पडदा काळाच राहील. एएम४ चा जुना साठ्यातला बोर्ड ५००० मालिकेसाठी बायोस अपडेट झालेला आहे याची विचारणा करूनच घ्या. एच६१० चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही प्रकारचे निघतात आणि खाच वेगळी असल्यामुळे एकाची रॅम दुसऱ्यात जात नाही.

रॅम ८ च्या दोन घ्या, १६ ची एक नको. अंगभूत ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरतं, दोन चॅनेल मिळाले की त्याला थेट फायदा होतो. ५०० जीबीची एनव्हीएमई पुरेल, फोटोंना तुमची १ टीबी आहेच. लहान मिनी पीसीत येणारा एन१०० सुचवला जातो, वीज कमी घेतो आणि ब्राउझरला ठीक आहे, पण चारच थ्रेड आणि एकच मेमरी चॅनेल. मोठ्या एक्सेलसाठी बदल करताय तर तो नको.

जुना कूलर वापरता येणार नाही. एलजीए११५० ची भोकं ७५ मिमी अंतरावर, एलजीए१७०० ची ७८ मिमीवर. या प्रोसेसरांच्या बॉक्समध्ये कूलर येतो, ट्रे पॅक (बॉक्सशिवाय सुटा) घेतलात तर वेगळा घ्यावा लागेल.

एसएमपीएसबद्दल: आकडे चांगले आहेत, संरक्षणही चाललं. तरी आतले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर तापमानाबरोबर म्हातारे होतात, ढोबळ नियम असा की १० अंश वाढले की आयुष्य निम्मं, आणि तो आधीच्या संचाइतकाच जुना आहे. नव्या बोर्डावर मी तो नेणार नाही. ४५० वॅटचाच पुरे, फक्त ८ पिनी सीपीयू कनेक्टर असलेला घ्या. मॉड्युलर असेल तर त्याच्याच केबल वापरा. जुन्या एसएमपीएसची केबल सॉकेटात बसली तरी त्या टोकाच्या पिनांची रचना कंपनीगणिक वेगळी असते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की डिस्क जागच्या जागी मरते.

फाइलआधी

संच जुळवून झाला की विंडोज बसवताना जुनी हार्ड डिस्क काढून ठेवा. दोन्ही जोडलेल्या असतील तर विंडोज कधी कधी बूटचं विभाजन जुन्या डिस्कवर करतं. मग ती डिस्क काढली की नवी एनव्हीएमई एकटी बूटच होत नाही.

जुन्या डिस्कवरचं विंडोज १० तसंच नव्या बोर्डावर चालवायचा प्रयत्न करू नका. ते जुन्या पद्धतीने, एमबीआरवर बसवलेलं असेल तर बहुतेक नव्या बोर्डांवर अंगभूत ग्राफिक्ससह बूट होणार नाही. लायसन्स जुन्या संचाबरोबर आलेलं ओईएम असेल तर ते त्या मदरबोर्डाबरोबर संपलं. रिटेल (वेगळं विकत घेतलेलं) असेल तर नव्या बोर्डावर तीच की टाका, आणि की हाताशी नसेल पण लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं असेल तर अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर 'या यंत्राचं हार्डवेअर बदललं' हा पर्याय निवडा.

नंतर जुनी डिस्क जोडल्यावर 'यूजर्स'मधलं जुनं फोल्डर उघडताना परवानगी नाही असा संदेश येईल. फायली गेल्या नाहीत, फक्त मालकी जुन्या खात्याची आहे. 'कंटिन्यू' दाबून थांबा, फोल्डर मोठं असेल तर परवानग्या बदलायला बराच वेळ लागतो, मध्ये रद्द करू नका. आणि फोटोंची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर झाल्याशिवाय जुनी डिस्क फॉरमॅट करू नका.